आहेरांच्या बंगल्यातली शेगडी

१

मोहिनी गेली तेव्हा तिच्या गालांवर लाली होती. तिची आई सुमनबाई तिला जेवायला उठवायला गेली, तर तिला वाटलं, बाळंतपणात पांढरीफटक पडलेली पोर आज कुठे माणसात आली. मग तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला, तर ते गार होतं.

ती लाली पाहून डॉक्टरांना कारण शोधावं लागलं नाही. बाळंतिणीला शेक द्यायला बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली होती. खोलीच्या खिडक्या बंद, दार बंद. कोळशाच्या वायूला वास नसतो आणि रंगही नसतो. झोपेतच गेली बिचारी. बाळ वाचलं, कारण न्हाऊमाखू झाल्यावर, धुरी दिल्यावर ते आजीच्या मांडीवर आलं होतं. रविवारी त्याचं बारसं होतं. घराच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

शेगडी ठेवणारी बाई नवसाबाई. मूळची पेठ तालुक्यातली, आता पंचवटीत राहणारी. आमच्या नाशकातल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं तिच्या हातून निघाली आहेत. माझ्या दोन्ही पोरांना तिनंच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. मोहिनीच्या वडिलांनी, यादवराव आहेरांनी, तिच्यावर पोलिसांत फिर्याद दिली आणि तिची सून विठाबाई रडत माझ्याकडे आली. मी फौजदारी वकील. नाव मंगला गायधनी. कोर्टात मला खवट म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

नवसाबाई जामिनावर सुटून घरी आली होती. भिंतीला टेकून बसली होती. समोरच्या भाकरीला तिनं हात लावला नव्हता.

"ताई, मीच मारलं असंल तिला," ती म्हणाली.

"असंल म्हणजे? काय वेगळं केलंस त्या दिवशी?"

"काय नाय. रोजच्यासारखंच. कोळसं बाहेर अंगणात फुलवलं, धूर जाऊ दिला, मंग आत नेलं. दार लावलं. खिडक्या तर रोज बंदच. बाळंतिणीला वारा नाय लागू द्यायचा."

"कोळसे जास्त होते?"

"तेवढंच व्हते. तीच शेगडी, तीच बाज."

"मग रोज काही झालं नाही ते त्याच दिवशी कसं झालं?"

"ते मला समजं ना. पण शेगडी माझ्या हातची ना? पोरगी गेली ना? तारखेला साहेबानं इचारलं, तर मी हो म्हणून टाकणार. लय जीव लावला व्हता तिनं मला."

अशिलानं खोटं बोलू नये असं मला नेहमी वाटतं. पण अशिलानं न केलेला गुन्हा कबूल करावा, हे त्याहून वाईट. आणि न केलेला, हे तरी मला कुठे ठाऊक होतं? तिला वाचवायचं तर आधी मला ते ठाऊक करून घ्यायला हवं होतं.

२

गंगापूर रोडवरचा आहेरांचा बंगला लोक गाडी थांबवून पाहतात. यादवराव पिंपळगावचे द्राक्षवाले. दोन हजार साली बागायतदारांच्या दौऱ्यात इटलीला जाऊन आले. लोकांनी तिथून द्राक्षांच्या वाणाची माहिती आणली, यांनी घराचा फोटो आणला. रुंद पायऱ्या, त्यांवर उंच गोल खांब, खांबांवर मोठा त्रिकोण. राजवाडा की कोर्ट की देऊळ, ते कळू नये असं काहीतरी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

पण त्या दिवशी मी गेट उघडून आत शिरले आणि मला माझं ते हसू जरा मागे घ्यावं लागलं. बाहेर ऊन चढलं होतं, तरी खांबांच्या मागे ओसरीसारखी गार सावली होती. वरचा कंगोरा चांगला हातभर पुढे काढलेला, भिंतीवर ऊन पडत नव्हतं. भिंतींना चुन्याचा गिलावा. बाहेरून इटली असली तरी आत नाशिकच होतं. त्रिकोणाच्या मधोमध संगमरवराच्या गोल तबकडीत कोरलेला गणपती बसवलेला, नवाकोरा, पांढराशुभ्र. एका बाजूला गवंड्याची परांची अजून उभी होती.

पायऱ्यांवर मात्र कबुतरांची घाण. राखणदार सहादू खराट्यानं पायऱ्या घासत शिव्या देत होता.

"आधी ही वर कुठं तरी राहायची, दिसायची पण नाय," तो म्हणाला. "आता चार-पाच दिवस झालं, खालीच काड्या घेऊन नाचत्यात. घरात मयत झालं तरी यांना त्याचं काय!"

यादवराव दिवाणखान्यात बसले होते. दाढी वाढलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"तुम्ही त्या बाईच्या वकील," ते म्हणाले. "तरी या. काय पाहायचं ते पाहा. पण ती सुटणार नाही. माझी एकुलती एक पोर होती. त्या बाईला साधी शेगडी सांभाळता आली नाही."

"आणि दुसऱ्याच कुणाची चूक निघाली तर?"

"तर त्याला सोडणार नाही. माझा सख्खा भाऊ असला तरी."

मी मोहिनीची खोली पाहिली. तळमजल्यावर, उंच छताची. छताखाली चारी बाजूंनी नक्षीचा पट्टा होता आणि नक्षीत चौकोनी भोकं. मी स्टुलावर चढून त्यात बोट घातलं. जाळं नाही, चिंधी नाही, काही कोंबलेलं नाही. भोकं मोकळी होती.

म्हणजे इथे कुणी काही बंद केलं नव्हतं. मग वायू गेला का नाही?

३

सुमनबाई बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती. तिचा भाऊ तिला कळवणला माहेरी न्यायला आला होता. बाळ झोपलं होतं आणि ती त्याच्याकडे न बघता नुसतं थोपटत होती.

"नवसाबाईचं काही चुकलं असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"हे म्हणतात तसं असेल. मला नाही कळत." मग एकदम तिचा आवाज फुटला. "वकीलबाई, माझं काय चुकलं ते सांगा ना कुणीतरी. मी नवस बोलले होते. एवढं मोठं घर बांधलं, आणि दारावर गणपती नाही. इंग्रजांच्या घरात राहिल्यासारखं वाटायचं. म्हटलं, देवा, माझ्या लेकीची सुटका नीट होऊ दे, मी तुला दारावर बसवीन. झाली नीट. यांनी मूर्ती आणवली, बसवली, मी खालून ओवाळलं. आणि दुसऱ्या दिवशी... नवसात काय कमी पडलं हो?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर आले.

जावई राजेंद्र, घरचे त्याला राजू म्हणतात, वरच्या मजल्यावर होता. सिन्नरला कारखान्यात नोकरी. त्याच्याबद्दल नातेवाईक ओसरीत काय कुजबुजत होते ते मी येतानाच ऐकलं होतं. मोहिनी गेली त्या वेळी जावई वर ओकत होता म्हणे. सकाळी नवराबायकोचं भांडण झालं होतं म्हणे. प्यायलेला असणार म्हणे.

"मी पीत नाही," तो म्हणाला. "रात्रपाळी करून आलो होतो. सकाळी तिला भेटलो. बाळाचं नाव काय ठेवायचं यावरून वाजलं आमचं. तिला स्वराज हवं होतं, मला ओम. किती क्षुल्लक! मी चिडून वर येऊन झोपलो. जागा झालो तो आईंच्या किंकाळीनं. डोकं फुटत होतं. उठलो तर तोल सावरता येईना. ओकलो. लोक म्हणतात, बायको मेली आणि हा नशेत."

"तुझ्या खोलीत शेगडी होती?"

"वर? कशाला असेल?"

"खिडक्या?"

"बंद होत्या. थंडी होती." मग खाली बघत तो म्हणाला, "वकीलबाई, एक सांगतो. निघताना तिच्या खोलीचं दार मी आपटलं. घट्ट बसलं ते. ते उघडं राहिलं असतं तर ती वाचली असती ना? सगळे त्या बाईला बोलतात, आणि मी तोंड उघडलेलं नाही."

मी त्याला सांगितलं की नंतर नवसाबाई शेगडी घेऊन आत गेली, बाहेर आली, आणि दार तिनंच रोजच्यासारखं लावलं. त्याच्या दाराचा इथे काही संबंध नव्हता. त्याचा विश्वास बसला नाही. त्याला शिक्षा हवी होती, आणि ती देणारं कुणी भेटत नव्हतं.

पण पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. शेगडी खालच्या खोलीत. वरच्या बंद खोलीत झोपलेल्या माणसाचं डोकं कसं फुटलं?

४

बंगल्याची आर्किटेक्ट शुभांगी कॉलेज रोडवर एका छोट्या ऑफिसात बसते. आहेरांचा बंगला हे तिचं पहिलं मोठं काम. यादवरावांशी शेवटी तिचं बिनसलं होतं आणि बारशाचं आमंत्रणही तिला नव्हतं. मी मोहिनीचं नाव काढताच ती उभी राहिली.

"माझ्या घराचा दोष काढायला आला असाल तर सांगा. मी रात्रंदिवस तोच विचार करतेय."

"बस. मला घर समजावून सांग. सोप्या भाषेत."

तिनं कागद ओढला. बोलायला लागल्यावर तिला थोडा धीर आला.

"यादवकाकांनी फोटो दिला आणि म्हणाले, अस्संच. मी म्हटलं, काका, तिकडची घरं ऊब आत ठेवायला बांधलेली असतात. आपल्याकडे एप्रिलात तीच भट्टी होईल. मग मी रूप तिकडचं ठेवलं आणि काम आपलं करून घेतलं. खांबांची ओळ पुढे काढली, सावली मिळाली. कंगोरा वाढवला, त्याचा छज्जा झाला. आणि गरम हवा वर जाते ना, म्हणून प्रत्येक खोलीच्या नक्षीत भोकं ठेवली. तिथून भिंतीतल्या पोकळीतून हवा वर माळ्यावर जाते. सगळ्या खोल्यांची हवा एकाच माळ्यावर."

"खालच्या खोलीची आणि वरच्या खोलीची पण?"

"सगळ्यांची. माळा म्हणजे त्या त्रिकोणाच्या मागची पोकळी."

"आणि तिथून बाहेर?"

"त्रिकोणात मधोमध गोल खिडकी आहे. लाकडी तिरप्या पट्ट्यांची. पाऊस आत येत नाही, हवा बाहेर जाते. तिकडच्या इमारतींत पण तिथे गोल असतंच, त्यामुळे कुणाला वेगळं वाटत नाही. कबुतरं शिरतात तेवढीच कटकट."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"शुभांगी, त्या गोलात आता गणपती आहे."

तिनं हळूच विचारलं, "कधीपासून?"

"मोहिनी गेली त्याच्या आदल्या दिवसापासून."

५

आता सगळं जागेवर बसत होतं, आणि मला ते बसायला नको होतं. कबुतरं खाली आली, कारण त्यांचं वरचं दार बंद झालं. शेगडीचा वायू खालच्या खोलीतून माळ्यावर गेला, तिथे कोंडला, आणि आधी वरच्या खोलीच्या भोकांतून राजूच्या उशाशी उतरला. तो थोडक्यात वाचला. खालच्या खोलीत वायू साचतच राहिला. आधी रोज तीच शेगडी होती, तेच कोळसे, तीच बंद दारं. घर श्वास घेत होतं तोवर नवसाबाईची शेगडी कुणाला बाधली नाही.

"मी सांगितलं होतं काकांना," शुभांगी रडत होती. "ती खिडकी बंद करू नका म्हणून. पण का, ते नीट सांगितलं नाही. गारवा राहील एवढंच म्हटलं. मला काय ठाऊक, आत कोळसे ठेवतील? मी उन्हाचा विचार केला, पावसाचा केला. या घरात कुणी बाळंत होईल, हा विचार कधी केलाच नाही."

सुमनबाई बाळाला घेऊन कळवणला गेली, त्यानंतर मी यादवरावांकडे गेले. त्यांच्याच गवंड्याला, पुंजारामला, बरोबर बोलावलं होतं. मी यादवरावांना मोहिनीच्या खोलीत नेलं. दारंखिडक्या लावल्या. धूप पेटवून स्टुलावर, भोकाच्या खाली ठेवला.

धूर वर गेला, भोकापाशी घुटमळला आणि छताखाली पसरत राहिला. आत ओढला गेला नाही. थोड्या वेळानं आम्हा दोघांनाही ठसका लागला.

"हे काय दाखवता मला?" यादवराव म्हणाले.

"थांबा."

मी खिडकी किलकिली करून पुंजारामला हाक मारली. तो परांचीवर चढलेला होता. त्यानं छिन्नीनं कडेचा गिलावा फोडला, मूर्ती चहूबाजूंनी सैल केली आणि दोरानं अलगद खाली सोडली. मी खिडकी पुन्हा लावली. बघता बघता छताखालचा धूर हलला, एका दिशेला झाला आणि चौकोनी भोकांतून वर ओढला जाऊ लागला. खोली निवळली.

यादवराव त्या भोकांकडे बघत उभे होते. द्राक्षाची बाग उभी करणारा माणूस, त्याला हवापाणी शिकवायला नको. मग ते रिकाम्या बाजेवर बसले.

"म्हणजे मी," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"ती पोरगी सांगत होती. शुभांगी. मला वाटलं, हिला घर फोटोसारखं दिसायला हवंय, म्हणून अडून बसलीय. मी म्हटलं, माझं घर आहे, माझा देव आहे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पोलीस ठाण्यात मी ओरडत होतो. त्या म्हातारीला काय काय बोललो. तिच्या सुनेसमोर बोललो."

"पोलिसांत नवा जबाब द्या. अपघात होता, असंच लिहिलं जाईल."

"देतो. आत्ता देतो." ते उठले आणि दारात थांबले. "वकीलबाई, एक करा. सुमनला गणपतीचं सांगू नका."

"काय सांगू मग?"

"मी सांगीन. मूर्तीच्या कडेनं हवेला जागा ठेवली होती म्हणेन. कबुतरांचा त्रास नको म्हणून मागून मीच पत्रा ठोकला. पुंजाराम माझ्या शब्दाबाहेर नाही."

"यादवराव, त्या तुम्हाला आयुष्यभर माफ करणार नाहीत."

"नको करू दे. नवस तिचा होता. तिला कळलं की आपण नवस फेडला त्यानंच पोर गेली, तर ती कुणाच्या पाया पडेल? माझ्यावर रागावून ती जगेल. देवावर रागावून नाही जगायची ती."

मला त्यांच्याशी वाद घालायचा होता. पण मी धूप विझवला आणि मान हलवली.

६

यादवरावांच्या जबाबानंतर पोलिसांनी तपास बंद केला, प्रकरण अपघात म्हणून मिटलं. नवसाबाईला मी घरी जाऊन मोहिनी कशानं गेली ते सगळं सांगितलं, अगदी गणपतीसकट, कारण तिच्या डोक्यातलं ते भूत अर्ध्या गोष्टीनं उतरलं नसतं. ती ऐकून खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सुमनबाईला कळू देऊ नका हां ताई. आईचं काळीज हे." यादवरावांनी काय मागितलं ते मी तिला अजून सांगितलंच नव्हतं.

यादवराव तिच्या दारात जाऊन माफी मागून आले, असं विठाबाईकडून कळलं. बाळाला न्हाऊ घालायला या, असंही म्हणाले. नवसाबाई गेली नाही. त्या खोलीत पाऊल टाकवणार नाही, म्हणाली. पण दुसऱ्या घरांतून तिला बोलावणी येऊ लागली आणि ती जाऊ लागली.

पावसाळा सरता सरता सुमनबाईचा फोन आला, घरी या म्हणून. मी गेले. यादवराव बाहेर पायरीवर बसले होते. मला पाहून उठले, पण बरोबर आत आले नाहीत. वर त्रिकोणात पुन्हा लाकडी पट्ट्यांची गोल खिडकी होती. गणपती आता खाली, दाराच्या चौकटीवर बसवला होता. ताज्या दूर्वा, जास्वंद. बाळ सतरंजीवर रांगायला शिकत होतं. त्याचं नाव स्वराज ठेवलं होतं.

सुमनबाई खंगली होती. इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"तुम्ही त्या दिवशी इथे होता ना," तिनं विचारलं. "मूर्ती काढली तेव्हा."

"होते."

"मागून खरंच पत्रा होता?"

मी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हात तिनं मांडीवर घट्ट धरले होते. इतके महिने ती हे एकटीच मनात धरून बसली होती, ते मला तेव्हा कळलं. साक्षीदार खोटं बोलला की मी त्याला पिंजऱ्यात सोलून काढते. सगळं कोर्ट हे जाणतं.

"होता," मी म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिला. चांगला जाड होता. गणपतीच्या कडेनं हवा जात होती, पत्र्यानं अडवली."

तिनं मोठा श्वास सोडला. डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरून आले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. तिनं चौकटीकडे वळून हात जोडले.

मग स्वयंपाकघरात गेली आणि चहा घेऊन आली. एक कप माझ्यासमोर ठेवला, एक स्वतः घेतला. दारातून बाहेर पायरीवर बसलेल्या नवऱ्याची पाठ दिसत होती. तिनं तिकडे पाहिलं, उठली, आणि दार लोटून घेतलं.